पारसच्या नावाचा दिवा

नारायणगाव
७ नोव्हेंबर १९९७

चि. सौ. सिद्धी हिस पप्पांचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं दिवाळीचं पत्र पोचलं. फोन करत जा म्हणतेस, पण फोनवर मला तुझ्या आवाजाआधी तुझ्या सासूबाईंच्या बांगड्या ऐकू येतात, मग मोकळं बोलता येत नाही. आपलं पत्रच बरं.

दुकान जोरात आहे. थंडी पडली की लोकांचे पंप जळतात आणि आपली चूल पेटते. काल राजुरीचे धर्माजी मोटर घेऊन आले. मी ती उघडलीच नाही, नुसती चालू करून ऐकली आणि सांगितलं, मागचं बेअरिंग गेलंय. म्हणाले, शेठ, तुमी मोटरीचं डाक्टर न्हाई, मांत्रिक हायसा.

आता तुझ्या भावाविषयी. आठ इंची आरसा वर्षभर घासून पारसने दुर्बीण केली तेव्हा मला वाटलं, फिटली हौस. कसली फिटते! आता ती दुर्बीण वर डोंगरात आहुप्याला, आपल्या गेणूच्या खळ्यात नेऊन ठेवली आहे. अमावस्या आली की फिल्मचे रोल खिशात घालून हा मोटरसायकलवर वर. मावळतीआधी खाऊन घे म्हणून तुझी आई खाकऱ्यांचा डबा देते. तो डबा गेणूची बायको कुशाबाई संपवते, आणि हा तिच्या चुलीवरची भाकरी खातो, तीही अंधार पडल्यावर, असा माझा संशय आहे. आईला बोलू नकोस.

विचारलं तर म्हणतो, नारायणगावात हायवेचा, मार्केटचा उजेड फार, इथून फिकट दीर्घिका फोटोत येत नाहीत. मला हे पटत नाही. दिवा खाली बघतो, दुर्बीण वर बघते, दोघांचं भांडण होईलच कशाला? माझा अंदाज वेगळा आहे. इथं उजेड फार नाही, स्थळं फार आहेत. मुलीकडचे लोक यायचे ठरले की ह्याची अमावस्या उगवते.

मागचा रोल इथल्या स्टुडिओत धुवायला दिला, तर स्टुडिओवाल्याने मला हाक मारून विचारलं, शेठ, लग्न कुणाचं होतं, ह्यात नवरा-नवरी कुणीच आलं नाही. मी पाहिलं. सगळं काळं आणि मधोमध नखाने ओढल्यासारखी एक फिकी रेघ. पारस म्हणाला, ही कडेने दिसणारी दीर्घिका, देवयानीच्या ताऱ्यांजवळची, तिथून हा उजेड निघाला त्याला तीन कोटी वर्षं झाली. मी म्हटलं, एवढ्या उशिरा येणारा माल मी दुकानात उतरवून घेत नाही. तो हसला. हसला की अगदी तुझ्यासारखा दिसतो.

जावईबापूंना नमस्कार. लोभ आहेच, तो शिळा होऊ नये म्हणून एकदा माहेरी ये.

पोपटलाल


बार्शी
२१ नोव्हेंबर १९९७

ती. पप्पांना सा. न. वि. वि.

पत्र वाचून इतकी हसले की सासूबाई आत डोकावून गेल्या. त्यांच्या बांगड्या तुम्हाला ऐकू गेल्याच असतील.

दादाची चेष्टा करता, पण तुम्ही बांधलेल्या मोटरीवाचून त्याचं पान हलत नाही. ती दुर्बिणीला आभाळाबरोबर फिरवते. तरी कुठे केसभर चुकतेच, म्हणून शेजारच्या छोट्या दुर्बिणीत एक तारा धरायचा आणि तो जागचा हलू नये म्हणून पाऊण तास बटणं दाबत बसायचं. लग्नाआधी तारा मी धरायचे. दादा म्हणायचा, माझ्यापेक्षा तुझा तारा कमी हलतो. त्याने माझं केलेलं कौतुक तेवढं एकच, म्हणून लक्षात आहे.

एका फोटोत ती दीर्घिका फार फिकी येते. सहा निगेटिव्ह एकावर एक ठेवून एकच फोटो छापला की उठून दिसते. तीन झाल्या. दुकानात ग्रीसचे हात लागतात म्हणून दादाने त्या माझ्याकडे सांभाळायला पाठवल्या आहेत. उरलेल्या तीन ह्याच थंडीत. मग तो फोटो तुमच्या गल्ल्यावर लावायचा आणि खाली आम्हा दोघांची नावं घालायची. गिऱ्हाईक विचारील, शेठ, हे काय? तुम्ही सांगा, उशिरा आलेला माल.

उजेडाचं मात्र तो खोटं सांगत नाही, पप्पा. स्थळांचंही खरं असेल.

आईला नमस्कार. माझी आठवण काढत जा, म्हणजे मला उचक्या लागून कामातून सुटका होईल.

तुमची,
सिद्धी


नारायणगाव
२ फेब्रुवारी १९९८

चि. सौ. सिद्धीस आशीर्वाद.

तू बार्शीला परत गेलीस आणि घरातला आवाज संपला. एरवी मला पलीकडच्या गल्लीतली मोटर कळते. आता गिऱ्हाईक समोर उभं राहून बोलतं आणि मी पुन्हा विचारतो.

पारसची मोटरसायकल डिंभ्याहून आणली. तिला काही झालेलं नाही. एका किकमध्ये सुरू झाली. मी लगेच बंद केली.

ज्याने त्याने मला तेच सांगितलं. पहाटे उतरताना त्याला वळण दिसलं नाही, तिथं अंधार फार. मी त्या एका शब्दापाशी अडकून बसलो आहे. पोरगा आयुष्यभर अंधार शोधत हिंडला आणि अंधाराने त्याला ठेवून घेतलं. हल्ली मी रात्री घरातला एकही दिवा मालवू देत नाही. तुझी आई तोंडावर पदर घेऊन झोपते.

दुर्बीण गेणूच्या खळ्यात ताडपत्रीखाली आहे. खाली आणायला माझा पाय उचलत नाही.

लोभाचं काय लिहू? वेळेवर जेवत जा.

पोपटलाल


बार्शी
१ सप्टेंबर १९९८

ती. पप्पांना सा. न. वि. वि.

संवत्सरी झाली. वर्षभरात माझ्या बोलण्या-वागण्याने तुमचं आणि आईचं मन दुखावलं असेल, तर मिच्छामि दुक्कडम्. दादाला दरवर्षी लिहायचे, तुझे अपराध इतके आहेत की क्षमा मागायला तुला एक कार्ड पुरायचं नाही. यंदा कार्डं आणली तेव्हा सवयीने एक जास्त आणलं.

एक मागणं आहे. त्या तीन निगेटिव्ह माझ्या कपाटात आहेत. उरलेल्या तीन मला काढायच्या आहेत, त्याच खळ्यातून, त्याच दुर्बिणीतून. जागा बदलली तर ते दादाचं आणि माझं राहणार नाही. कार्तिकातल्या अमावस्येला आम्ही दोघं येतो. इकडून सोबत येण्याचं कबूल झालं आहे. तुम्ही नाही म्हणू नका. तो रस्ता तुमच्याने होत नाही हे मला माहीत आहे, तुम्ही घरीच थांबा.

आईला सांभाळा. तिच्याकडून स्वतःलाही सांभाळून घ्या.

तुमची,
सिद्धी


नारायणगाव
२८ ऑक्टोबर १९९८

चि. सौ. सिद्धीस पप्पांचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू येणार म्हणून तुझ्या आईने घर धुऊन काढलं. मीही बऱ्याच महिन्यांनी दुकानात कुणाची तरी थट्टा केली.

तू आल्यावरच दाखवायचं ठरवलं होतं, पण माझ्या पोटात काही राहत नाही. आहुप्याला गेणूच्या खळ्याला लागून ग्रामपंचायतीने खांब दिला आहे. दिवा आपला. सोडियमचा, मोठा, पिवळ्या उजेडाचा. खाली संगमरवरी पाटी, ‘कै. पारस यांच्या स्मरणार्थ’. पाच तारखेला लागेल. आपल्यात कुणी पाणपोई घालतं, कुणी धर्मशाळेत खोली बांधतं. मी म्हटलं, ज्याला अंधाराने नेलं त्याच्या नावाने उजेडच द्यायचा. आणि नेम केला आहे, मावळतीला लागेल तो उगवतीपर्यंत, त्याच्या नावाचा दिवा एक रात्रही विझायचा नाही.

तुझी आई म्हणाली, दिव्यावर किडे येऊन मरतील, ह्यात कसलं पुण्य? आयुष्यात प्रथमच तिचं ऐकलं नाही.

आता माझं दुसरं लेकरू त्या खळ्यात अंधारात बसणार नाही. तुला बटणं दिसतील, पायाखालचं दिसेल. भावाच्या दिव्याखाली बसून भावाचं काम पुरं कर. मला आणखी काही नको.

वाट बघणाऱ्या दोघांकडून लोभ.

पोपटलाल


मु. आहुपे
८ नोव्हेंबर १९९८

सौ. सिद्धीताईस गेणूचा रामराम.

पत्र लिवन्यास कारन की दिवा लागला. सगळा गाव गोळा व्हता. बायामान्सं लई खूश. आमची कुशी म्हन्ली, आता पान्याला जाताना जनावर पायाखाली यायचं भ्या न्हाई. शेटजी दिवा लागल्यावर खांबाला हात लावून उभं ऱ्हायलं ते हालंनात. मी डोळं पुसताना पायलं. त्यांच्यासारका हासता मानूस असा कंदी पायला नव्हता.

पन ताई, मला घोर लागलाय. दिवा लागल्यापून आमच्या खळ्यातून आभाळ दिसंना. पारसभाऊ साधी बिडी पेटवली तरी वराडायचं, गेणू, माझा फोटू खाल्लास. आन हितं तर रातचा दिस झालाय. शेटजीला म्या काय सांगू? माझी जीब उचलंना. तुमी म्हन्ला तर तुमी याल ते चार दिस फ्यूज काडून ठिवतो, खाली कळायचं न्हाई. काय ते कळवा.

कुशी म्हन्ती ताईला भाकर आमच्याच घरी.

आपला,
गेणू


बार्शी
१३ नोव्हेंबर १९९८

श्री. गेणूभाऊ यांस सप्रेम नमस्कार.

फ्यूज काढू नका. पप्पांना कळेल म्हणून नाही सांगत. त्यांना कळलं नाही तरी मला कळेल. दादाच्या नावाने लावलेला दिवा, तो विझू नये म्हणून त्यांनी नेम केलेला, आणि मीच म्हणू, विझवा? तुमची जीभ उचलत नाही, तर माझी कशी उचलेल?

कुशाबाईंना सांगा, एक जाड गोधडी काढून ठेवा. आड धरून काही जमलं तर पाहू. पप्पांपाशी ह्यातलं काही बोलू नका. एवढी माया माझ्यावर करा.

सिद्धी


बार्शी
२८ नोव्हेंबर १९९८

ती. पप्पांना सा. न. वि. वि.

आम्ही सुखरूप पोचलो. दिवा फार चांगला आहे. पाटीही सुबक झाली आहे. गावातल्या बायका तुम्हाला दुवा देतात.

फोटोचं म्हणाल तर यंदा नशीब नव्हतं. तिन्ही रात्री ढग आले. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. पुढे कधी जमेल सांगता येत नाही. त्याचं कारण आईच्या कानात सांगितलं आहे, ती तुम्हाला सांगेल. दादाच्या तीन निगेटिव्ह आहेत, त्यांचाच एक फोटो छापून घेऊ. फिका येईल, पण येईल.

तब्येतीला जपा. माझी काळजी नको.

तुमची,
सिद्धी


नारायणगाव
२० डिसेंबर १९९८

चि. सौ. सिद्धी हिस पप्पांचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईने तुझी बातमी सांगितली. तिने मुलीची झबली शिवायला घेतली आहेत आणि मुलगा झाला तर, असं विचारायची सोय ठेवलेली नाही.

परवा आम्ही दोघं आहुप्याला गेलो. मी म्हटलं, दिवा नीट लागतो का बघून येऊ. त्या वळणावर तुझ्या आईने जीप थांबवायला लावली, खाली उतरली, हात जोडले. मी उतरलो नाही.

वर पोचलो तर कुशाबाई खांबाखालचे मेलेले पतंग केरसुणीने गोळा करत होती. सुपात ढीग होता. तुझ्या आईने तो पाहिला आणि माझ्याकडे न बघता आत जाऊन बसली.

दिवस मावळला, दिवा लागला. मी खांबाखाली उभा राहून त्याची गुणगुण ऐकत होतो. ठीक होती. भिंतीपलीकडे चुलीपाशी कुशाबाई दबकून गेणूला म्हणत होती, कसलं ढग अन् कसलं काय, आभाळ धुतल्यावानी व्हतं. पोरीनं नवऱ्याला दोन राती गोधडी धरून उभा केला, तरी तिचा फोटू हुईना. तिसऱ्या रातीला हितं भिताडाकडं तोंड करून रडली, पन दिवा इझवा म्हन्ली न्हाई. गेणू म्हणाला, गप, शेटजीचं कान लई तिखट हायेत.

माझे कान तिखट आहेत म्हणून मला मोटरीतलं बेअरिंग कळतं. पारस किती वर्षं सांगत होता, तूही लिहिलं होतंस. मला ते ऐकू आलं नाही. मी स्थळांवर विनोद करत बसलो.

गेणू नको नको म्हणत असताना मी फ्यूज काढला. नेम मीच केला होता, तो मीच मोडला. गुणगुण थांबली. ती शांतता मी ओळखली, सिद्धी. मागच्या जानेवारीत आपल्या घरात होती तीच. पारसला दुसऱ्यांदा पोचवून आल्यासारखं वाटलं. तुझ्या आईने बाहेर येऊन माझी बाही धरली. आम्ही दोघं खळ्यात बसलो. आधी काहीच दिसेना. मी ज्याच्यावर दात धरून होतो तो हा अंधार, म्हटलं. मग हळूहळू आभाळ इतकं खाली आलं की तुझ्या आईने डोक्यावरचा पदर सारखा केला. ती म्हणाली, हे बघायला यायचा होय तो.

मग ताडपत्री काढली आणि बॅटरी जोडून मोटर चालू केली. आवाज स्वच्छ आहे. दुर्बीण आभाळाबरोबर हळूहळू फिरत राहिली. तिला काय माहीत, शेजारी तारा धरायला कुणी नाही.

पौषातल्या अमावस्येला ये. नाहीतरी सातव्या महिन्यात माहेरी यायचंच आहे, थोडी आधी ये. जीप मी चालवीन, दिवसाउजेडी वर जाऊ, दिवसाउजेडीच उतरू. कुशाबाईला विचारलं आहे. ती म्हणाली, आमवशेच्या चार राती आमी बॅटरी घिऊन जाऊ, त्याला काय हुतंय. बाकीच्या रात्री गावाचा दिवा गावाला राहील, वर पत्र्याची टोपी घालून. वळणावर दुसरा लावतो, त्याचा उजेड फक्त रस्त्यावर पडेल. आणि तुझ्या चार रात्री पारसच्या नावाचा दिवा मीच विझवीन. दुसऱ्या कुणाचा हात लागू देणार नाही.

संवत्सरीला अजून फार अवकाश आहे, तेवढं थांबवत नाही. तुझं मन दुखावलं, मिच्छामि दुक्कडम्. पारसलाही कार्ड लिहिलं. टाकायचं कुठं ते कळेना, म्हणून पाटीखाली ठेवून दगड ठेवला.

तारा तू धर. मोटरीकडे मी कान देऊन बसेन. केसभर चुकली तरी सांगेन.

लोभ तुम्ही दोघा भावंडांनी माझ्यावर केलात तेवढा पुष्कळ झाला. तू ये.

पप्पा