तुझ्या फाइलींची नावं बरोबरच होती

प्रिय ताई,

परवा दुपारी "ताई, वाजलं गं! वाजलं!" असं ओरडत मी खोलीतून बाहेर आलो. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पोचलोसुद्धा. ओट्यावर सकाळचं एक ताट आणि एक वाटी. तिथेच उभा राहिलो. तू जाऊन पाच महिने झाले, तरी भिसेगावच्या या दोन खोल्यांत माझे पाय अजून तुलाच शोधत जातात.

सांगायचं होतं ते तोंडातच राहिलं. दुसऱ्या कोणाला फोन करून सांगू? आणि काय सांगू? त्यात एक कबुलीही आहे, ती तुझ्याशिवाय कोणाला देऊन उपयोग नाही. म्हणून लिहायला बसलोय.

आठवतं, हे सगळं तू कसं सुरू केलंस? भिवपुरीच्या पुढे, डोंगराखालच्या आश्रमशाळेत तू शिकवत होतीस. एक दिवस चिडून घरी आलीस. "नंदू, रानातल्या ठाकर आदिवासींची पोरं आहेत रे ही, आणि होस्टेलात राहून त्यांना शेवळं, कुरडू अशा रानभाज्या ओळखता येईनात!" दुसऱ्या रविवारी तू पोरांच्या वाडीवर, रानभाज्यांच्या जाणकार चांगुणाबाईंकडे गेलीस, फोन पुढे धरून प्रश्न विचारत बसलीस. कुठली भाजी कधी उगवते, कुठली उकळून पाणी टाकल्याशिवाय खायची नाही, वाडीत तिला काय म्हणतात. दोनशेच्या वर रेकॉर्डिंग जमवलीस. मी म्हटलं, ॲप मी बनवतो. फोटोवर बोट ठेवलं की चांगुणाबाई बोलतील. केवढी खूश झाली होतीस!

आणि मी? दीड वर्ष लावलं. ऑफिसचं काम, मग कंटाळा, मग उगाचच. तू कधी तगादा लावला नाहीस. लावायला हवा होतास गं.

तुझं दुखणं कळल्यावर मी घाईघाईने ते पुरं केलं. शाळेत इंटरनेट नाही, म्हणून पानं, फोटो, आवाज असं सगळं एकाच गाठोड्यात बांधून न्यायचं होतं. हे बांधण्याचं काम बिल्ड टूल करतं. काय घ्यायचं, कसं घ्यायचं, हे त्याला एका फाइलीत लिहून द्यावं लागतं. मी लिहून दिलं होतं. माझ्या लॅपटॉपवर मूळ फोल्डरमधून सगळं छान वाजत होतं. बांधलेलं गाठोडं मी उघडूनही पाहिलं नाही.

शाळेत ते दाखवायच्या दिवशी तू रिक्षाने आलीस, शाल गुंडाळून. चांगुणाबाई नवं लुगडं नेसून पुढे बसल्या होत्या. तू शेवळाच्या फोटोवर क्लिक केलंस आणि आवाज आला, खर्रर्र. दुसऱ्यावर केलंस, पुन्हा तेच. पोरं हसली. चांगुणाबाई तुझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. तू म्हणालीस, "आज मशीन रुसलंय. पुढच्या वेळी बोलेल."

परतताना रिक्षात मी तुला काय म्हणालो, ते तू विसरली असशील का? मी नाही विसरलो. "फाइलींना काय वाटेल ती नावं देतेस. मध्ये जागा सोडतेस, मराठीत लिहितेस. मग टूल गोंधळणारच ना!" तू एवढंच म्हणालीस, "मला माहीत नव्हतं रे."

मग तुझे शेवटचे बरे दिवस तू कशात घालवलेस? उशीला टेकून दोनशे फाइलींची नावं बदलण्यात. इंग्रजी अक्षरं, मध्ये जागा नाही. वहीत जुनं नाव, समोर नवं नाव. अक्षर खाली घसरायचं. मी चहा आणून ठेवायचो आणि म्हणायचो, "सावकाश कर." काय माणूस आहे मी!

तू गेल्यावर लॅपटॉपवरचं ते फोल्डर मी उघडलं नाही. गेल्या आठवड्यात मुख्याध्यापिका बाईंचा फोन आला. "रानभाज्या उगवायच्या आधी मुलांना ऐकवता येईल का हो?" नाही म्हणवेना. तू बदललेली नावं घेतली, नव्याने गाठोडं बांधलं, वाजवलं. खर्रर्र!

म्हणजे नावांचा काही संबंधच नव्हता.

मग पहिल्यांदाच मी माझ्या ओळी नीट वाचल्या. ताई, बांधताना पानांमध्ये शाळेचं नाव आपोआप भरलं जावं, म्हणून मी टूलला प्रत्येक फाइल उघडून, तपासून पुन्हा लिहायला सांगितलं होतं. लिहिलेल्या पानांना ते चालतं. फोटो किंवा आवाज असा उघडून पुन्हा लिहिला की तो मोडतो. हे मला ठाऊक होतं! फोटोंना मी त्यातून वगळलंही होतं. आवाजांना वगळायला विसरलो. चार ओळी वाढवल्या, आवाजांचं फोल्डर न उघडता जसंच्या तसं उचल असं सांगितलं, आणि चांगुणाबाई खणखणीत बोलायला लागल्या. दहा मिनिटांचं काम होतं.

चूक माझी होती. तुझी नावं पहिल्यापासून बरोबर होती. हे तुला त्या रिक्षात कळायला हवं होतं. तू ते मनाला लावून गेलीस का गं? की तुला संशय आला होता आणि तू मला वाचवलंस?

काल शाळेत नेलं. तुझा आवाज आला, "चांगुणाबाई, शेवळं शिजवताना काय घालायचं?" आणि त्यांचा, "काकडं घालायची, ती आंबट फळं, नायतर घसा खाजतो." चांगुणाबाईंनी स्पीकरवर हात ठेवला.

"बाय इचारते कशी बघ," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "आता इचारायला कोन येनार?"

मी म्हटलं, "मी येईन."

"तुला कुरडू वळखता येतो काय, दादा?"

"नाही."

"मंग ये. पन घाई नको करू."

तुझ्या वहीच्या शेवटच्या पानावर रेकॉर्डिंग राहिलेल्या अजून बावीस भाज्यांची नावं आहेत, ज्यांच्यापुढे तू काहीच लिहिलेलं नाहीस. ती मी पुरी करीन. दर रविवारी वाडीवर चढून जाईन, हे वचन. येत्या रविवारी भारंगीपासून सुरुवात. तुझ्यासारखं विचारणं मला जमणार नाही. भलताच पाला हातात धरून काहीतरी विचारीन, पोरं हसतील, चांगुणाबाई हसतील. हसू देत. मी पुन्हा विचारीन.

तुझा,
नंदू