चुकलेल्या लावणीचं चित्र

भाऊ,

मागच्या आठवड्यात मी औंढ्याच्या शाळेत गेले होते. मी शिकले तीच शाळा, पण या वेळी पाहुणी म्हणून. फळ्यावर रंगीत खडूनं माझं नाव लिहिलेलं आणि नावाआधी 'सुप्रसिद्ध'. तुम्ही वाचलं असतंत तर अक्षराखाली बोट सरकवत लेकीच्या नावाआधीचा तो एक शब्द दोनदा वाचला असतात. असं बोलावणं आता महिन्यातून दोन-तीनदा येतं. लहान मुलांच्या पुस्तकांत चित्रं काढणाऱ्या बाईला शाळा बोलावतात, पुस्तकांच्या महोत्सवात गळ्यात ओळखपत्र अडकवून स्टेजवर बसवतात. मी मोठ्या कागदावर हत्ती काढते, त्याचा डोळा मुद्दाम विसरते, मुलं ओरडून सांगतात. मग नारळ, शाल आणि रोपाची कुंडी घेऊन मी परत येते. असलं काही काम जगात असतं, हे आपल्या दोघांनाही माहीत नव्हतं. तरी तुम्ही मला त्याच कामाला लावलंत, हे मला आता कळतंय.

भाताची कामं उरकली की तुम्ही लोणावळ्याला चिक्कीच्या कारखान्यात जायचात. संध्याकाळी सायकल अंगणात लागते, आणि कॅरिअरला सुतळीनं बांधलेले पुठ्ठे दिसले की मी चुलीपुढून उठून पळते. छपाई बिघडलेली चिक्कीची खोकी तुम्ही शेठला विचारून आणायचात, उलगडून सपाट करायचात. एका बाजूला शेंगदाण्यांचं तिरकं छापलेलं चित्र, दुसरी बाजू पांढरी. कोपऱ्याला कुठं तरी गूळ लागलेला असायचा आणि सकाळपर्यंत त्याला मुंग्या लागायच्या. आई म्हणायची, "पोरीच्या जातीला काय करायचीत ही चित्रं?" तुम्ही दुसऱ्या दिवशी आणखी चार पुठ्ठे आणायचात.

आणि भाताच्या लावणीच्या दिवसांत घरातलं प्रत्येक माणूस वावरात, मी मात्र बांधावर. "तू नगं उतरू. हात खराब व्हत्याल. हितंच बस आन काढ," असं तुम्ही म्हणायचात. आई, काकू, रोजानं आणलेल्या चार बाया गुडघाभर चिखलात वाकलेल्या, आणि मी पावसाला आडोसा म्हणून डोक्यावर इरलं घेऊन पुठ्ठ्यावर मोर काढतेय. काकूनं एकदा ऐकवलंही, "हिला काय राणी करायची हाय का?" मला त्या बोलण्याची लाज वाटली होती, पण उठावंसं नाही वाटलं. समोर एवढं सगळं चाललेलं असताना मी मोरच काढत होते. आपल्या घरी मोर कधी आला नव्हता.

पुढं तळेगावचं वसतिगृह, मग पुण्यात चित्रकलेचं शिक्षण, मग पहिलं पुस्तक. एका गावाची गोष्ट होती. त्यात दोन पानं भरून लावणीचं चित्र होतं. हिरवंगार वावर, मागं डोंगर, लाल लुगड्यातली हसरी बाई. त्या चित्राचं पुण्यात फार कौतुक झालं. पुस्तक घेऊन मी घरी आले तेव्हा तुम्ही ओट्यावर बसला होतात. हात धुऊन, धोतराला पुसून तुम्ही ते मांडीवर घेतलंत. एकेक पान सावकाश उलटत त्या चित्रावर आलात आणि थांबलात. मी वाट बघत होते.

"ही बाई पुढं चाललीया," तुम्ही म्हणालात.

"म्हणजे?"

"लावणी मागं सरकत करत्यात, बाळ. ही पुढं चालत लावतीया. लावल्यालं रोप हिच्याच पायाखाली येनार की."

मी म्हणाले, लहान मुलांचं पुस्तक आहे, त्यांना काय कळतंय. तुम्ही मान न उचलता म्हणालात, "त्यास्नीच कळतं." तुमचा आवाज चढलेला नव्हता. पण मला राग आला, कारण ते खरं होतं. मी म्हणाले, "मला कुठून माहीत असणार? तुम्ही कधी चिखलात उतरू दिलंत मला?"

तुम्ही पुस्तक मिटलंत. माझ्याकडं बघितलंत आणि म्हणालात, "व्हय. ते बी खरं हाय." एवढंच. मी चहा न घेता निघाले. पुस्तक तुमच्या मांडीवरच राहिलं.

त्यानंतर मी दिवाळीला एक दिवस आले, पण त्या विषयावर आपण बोललो नाही. पौषात धाकट्या काकाचा फोन आला तेव्हा मी एका सशाचे कान रंगवत होते. तुम्ही गोठ्यात पेंढा टाकताना बसलात ते उठलाच नाहीत. तेराव्यानंतर मी ट्रंक, फडताळ, माळा, सगळं शोधलं. ते पुस्तक मिळालं नाही. आई म्हणाली, "ठावं न्हाई. त्येंनीच कुटं तरी टाकलं असल." मी ते खरं मानलं, भाऊ. वीस वर्षं मी असं धरून चालले की तुम्ही ते पुस्तक टाकून दिलंत, आणि ते बरोबरच केलंत.

तर मागच्या आठवड्यात शाळेत कार्यक्रम संपला, मुलं खिचडीला रांगेत बसली. खिचडी वाढणारी बाई माझ्यापाशी येऊन उभी राहिली. तिशीची असेल. पदराला हात पुसत म्हणाली, "ताई, तुमी मला वळखनार न्हाई. मी गावचीच लेक. तुमचं भाऊ साळंत यायचं तवा मी तिसरीत व्हते."

"भाऊ शाळेत यायचे?"

"व्हय की. पुस्तक घिऊन. कापडाच्या पिशवीत गुंडाळल्यालं असायचं. शनवारी साळा सुटायच्या आदी यायचं, गुर्जींला इचारून बसायचं. हात धुतल्याबिगर पुस्तकाला हात लावू द्यायचं न्हाईत. म्हनायचं, माज्या पोरीनं काडलंय."

ती पुढं सांगत होती, तिला ते आठवून हसू येत होतं. "त्यात ती लावनीवाली बाई व्हती बगा. मी म्हनलं, भाऊ, ही पुढं चालत लावतीया, येडीच हाय. सगळी पोरं हसली. तर भाऊ म्हनलं, गप बसा, पुन्याकडं अशीच लावत्यात."

"पुण्याकडं?"

"व्हय! आमाला वाटलं, असल बा. मी तर लगीन हुईस्तवर खरंच मानत व्हते." मग माझ्या तोंडाकडं बघून तिचं हसू थांबलं. "ताई, काय चुकलं का माजं?"

मी नाही म्हणाले. पुस्तकाचं काय झालं, विचारलं. "भाऊ गेलं तवा पुस्तक साळंतच ऱ्हायलं. हाताळून हाताळून फाटलं. शेवटाला नुसता पुठ्ठा व्हता, तो बी कुटं गेला काय म्हाईत." तिनं मला ताटात खिचडी वाढली आणि मी मुलांच्या रांगेत बसून खाल्ली.

परतताना आपल्या वावरापाशी गाडी थांबवली. तिथं आता बंगला आहे, शनिवार-रविवार भाड्यानं देतात. भुशी धरणाकडं निघालेल्या गाड्यांची रांग मागून हॉर्न वाजवत होती. मला फक्त एवढं हवं होतं की तुम्ही ओट्यावर बसलेले असावेत, आणि मी पुढचं प्रत्येक पुस्तक आधी तुमच्या मांडीवर ठेवावं. छापायच्या आधी. चुका काढाव्यात तुम्ही. मी चहा घेऊन जाईन.

हे पत्र पाठवायचं कुठं, म्हणून ते रेखाटनांच्या वहीतच राहील. आणखी एकच सांगते. त्या दिवशी वर्गात एका मुलीनं मला विचारलं, "तुमचे वडील पण काढायचे का?" तिला चित्रं म्हणायचं होतं, हे मला समजलं होतं. मी हो म्हणाले. तिनं विचारलं, "काय काढायचे?" मी म्हणाले, "भात काढायचे." ती "भारी!" म्हणाली आणि तिनं ते वहीत लिहून घेतलं. मी तिला दुरुस्त केलं नाही.