मी, एकाहत्तर टक्के

३ मार्च, सोमवार. सकाळी ७.१०

आजपासून रोजनिशी. शिस्तीने काम करणाऱ्या माणसाने नोंद ठेवावी, एवढंच.

काम साधं आहे. पासपोर्ट गेल्या महिन्यात संपला. (विसरलो नव्हतो. तारीख पक्की लक्षात होती, फक्त ती दुसरीच निघाली.) २६ एप्रिलला अक्का सत्तर वर्षांची होणार. आई गेल्यावर मला वाढवलं ते या थोरल्या बहिणीने. पाच वर्षांपूर्वी भाऊजी गेले तेव्हा मी पोचलो नाही. मी इथे परदेशात, रजा, तिकीट, सगळी कारणं खरी होती. अक्का एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. या वेळी जायचं म्हणजे जायचं. शब्द दिलाय.

प्लॅन: आपल्या सरकारच्या पोर्टलवर ओळख पटवणे (१० मिनिटं). पासपोर्टचा अर्ज (१५ मिनिटं). मग तिकीट. आठच्या आत उरकून कामावर.

सकाळी ७.५५

ओटीपी माझ्या जुन्या सिमवर जातो. ते सिम तिकडे अक्काच्या फोनमध्ये. पहिला ओटीपी आला तेव्हा अक्काने आधी विचारलं, जेवलास का. दुसऱ्याच्या वेळी, तिकडे थंडी आहे का. तिसऱ्याच्या वेळी चष्मा शोधला. चौथा लागला. मग कॅमेऱ्यात बघा, डोळे मिचकावा, मान वळवा. वळवली.

'चेहरा जुळत नाही. साम्य २२ टक्के. किमान ८० आवश्यक.'

सर्व्हर डाऊन असणार.

४ मार्च, मंगळवार

सर्व्हर डाऊन नाही. आमच्या हिने चहा उकळेपर्यंत ओट्याशी उभ्या उभ्या स्वतःची ओळख पटवली. ९६ टक्के. मला काही म्हणाली नाही, नुसता कप पुढे ठेवला. मला ते न म्हणणंही ऐकू आलं.

मी: २२. पुन्हा: १९. तीन प्रयत्न झाले म्हणून बहात्तर तास लॉक.

रंगाच्या कारखान्यात शेड जुळवण्याच्या खात्यात एकवीस वर्षं काढली आहेत. दोन रंगवलेले पत्रे दिव्याच्या पेटीत शेजारी धरले की मी नुसतं बघून सांगतो, जुळतंय का नाही. मशीन नंतर हो म्हणतं. आणि एक फडतूस ॲप मला सांगणार की मी माझ्याशी जुळत नाही?

७ मार्च, शुक्रवार

आज खात्यातला जुना फोटो प्रथमच उघडून पाहिला. फोनवर बोटाच्या नखाएवढा दिसतो, काळा-पांढरा, त्यातही एका डोळ्यावर सरकारी शिक्का. पण शिक्क्यातूनही रुबाब लपत नाही! गाल बसलेले, केस दाट, भांग उजवीकडे, मिशी भरघोस. सोळा वर्षांपूर्वी मी काय भारदस्त दिसायचो. हिला दाखवला. ती म्हणाली, हे तुम्ही वाटतच नाही. बऱ्याच वर्षांनी कौतुक केलं तिने.

मिशी होती हे मात्र विसरलो होतो. पण फोटो काही खोटं बोलत नाही.

निदान झालं. फोटो ठीक आहे. चेहरा घसरलाय.

१० मार्च, सोमवार

संकल्प:
१. मिशी वाढवणे.
२. भात, साखर, बिस्किटं बंद.
३. केसांना डाय. (तात्पुरता. शास्त्रीय कारणासाठी.)
४. भांग डावीकडून उजवीकडे.

तो फोटो काढल्याचा दिवस आठवला. सुट्टीवर घरी गेलो होतो, भाऊजी आणि मी एकदमच सरकारी हॉलमध्ये गेलो. ही गर्दी. टेबलामागचा ऑपरेटर मान वर न करता नुसता पुढचा, पुढचा ओरडत होता. भाऊजींना कॅमेऱ्याचं जन्माचं वावडं. घरातल्या प्रत्येक ग्रुप फोटोत ते नसायचे, कारण तो काढणारे तेच. त्या दिवशी त्यांना मी दंडाला धरून खुर्चीत बसवलं. चांगला माणूस. मला सायकल त्यांनीच शिकवली.

संध्याकाळी दोन बिस्किटं. संकल्प उद्यापासून धरावा.

१५ मार्च, शनिवार

मिशी: काटेरी. साम्य: ३७ टक्के! पंधराची उडी. शाळेत गणितात एवढी प्रगती कधी झाली नव्हती.

हिच्या आग्रहाखातर पोर्टलच्या हेल्पलाइनला फोन केला. चाळीस मिनिटं संगीत ऐकलं. मग एक बाई आली. म्हणाली, साहेब, फोटो जुना असेल तर नवा टाका, तुम्हाला लहानपणापासून ओळखणाऱ्या कुणीतरी (नवरा-बायको चालत नाही) समोर बसून आपल्या खात्यातून साक्ष द्यायची, चार मिनिटांचं काम. मी तिला शांतपणे समजावलं की आमच्या धंद्यात नमुना बदलत नसतात, माल बदलतात. ग्राहकाने पाठवलेला पत्रा पिवळा असेल तर आपला रंग पिवळा करायचा, ग्राहकाला नवा पत्रा आणायला सांगायचं नाही. बाईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, आणखी काही मदत हवी आहे का. पटलं असावं.

१९ मार्च, बुधवार

डाय झाला. डबीवर 'नैसर्गिक काळा' लिहिलं होतं. मी शेडवाला माणूस, हा कुठल्या निसर्गातला काळा ते मला कळेना. उशीचा अभ्राही आता नैसर्गिक काळा आहे.

साम्य: ५१.

अक्का आता ओटीपी देण्यात तरबेज झाली आहे. घंटी वाजायच्या आत सहा आकडे म्हणून मोकळी. मग निवांत बोलते. आज म्हणाली, वाढदिवसाला भिंतीवर ह्यांचा फोटो लावायचा म्हणून कपाटं पालथी घातली, एकसुद्धा धड नाही. एकात पाठ, एकात निम्मा खांदा, एकात डोळे मिटलेले. मी तिला धीर दिला की मी येतोय ना. ती म्हणाली, तू ये रे धाकट्या, तेवढं पुरे.

नंतर तिने हे पोर्टल नेमकं कसं चालतं असं विचारलं. सत्तरीत काय कुतूहल! सगळं नीट समजावून सांगितलं. दोनदा तिनेच माझी चूक काढली.

२४ मार्च, सोमवार

मोठं यश. कारखान्याच्या गेटवरच्या पहारेकऱ्याने अडवलं. अकरा वर्षं रोज हात वर करणारा माणूस, आज म्हणाला, कार्ड दाखवा. म्हणजे बदल खोलवर होतोय.

फोरमनने विचारलं, तब्येत ठीक ना. मी म्हटलं, मी माझ्या मूळ रूपाकडे चाललोय. तो म्हणाला, जाता जाता क्रीम रंगाचा घाण तपासून जा. (घाण म्हणजे एका वेळी कालवलेला माल. इथे असा विनोद रोज होतो.) तपासला. शेड किंचित निळसर होती, परत पाठवली. नजर शाबूत आहे.

भात सोडून पंधरा दिवस. (रविवार धरत नाही.) साम्य: ६४. कान फोटोत मोठे आहेत, आता लहान येतात. फोनचा कॅमेरा बदलावा का?

हिची आणि अक्काची हल्ली रोज कुजबुज. मी आलो की फोन खाली. माझ्यासाठी काहीतरी सरप्राइज शिजतंय. मी न कळल्यासारखं दाखवतो.

३० मार्च, रविवार

उद्या शेवटचा दिवस. उद्या ओळख पटली तरच पासपोर्ट वेळेत येणार. गाल आतून चावून धरले की बसलेले दिसतात हा शोध लागला. आरशासमोर तासभर सराव. ही म्हणाली, अहो, फोटो बदला ना, निदान तुमच्या गावच्या त्या मित्राला साक्षीला बोलवा, दोन तासांवर तर राहतो. मी म्हटलं, इथवर आल्यावर? सोळा टक्क्यांसाठी?

ती म्हणाली, मग मी एकटी जाऊन येऊ का अक्कांकडे. मी म्हटलं, छे, मी नसेन तर तिला काय वाटेल. यावर ती खूप वेळ माझ्याकडे बघत राहिली. मिशीकडे असावं.

३१ मार्च, सोमवार. दुपारी १२.४०

कारखान्यातून जेवणाच्या सुट्टीत, दिव्याच्या पेटीत डोकं घालून, कारण तिथला उजेड प्रमाणित असतो.

पहिला: ७१!!

दुसरा: ७०.

तिसरा गाल चावून: ७१. जीभ पण चावली.

लॉक. बहात्तर तास.

संध्याकाळी

एकाहत्तर म्हणजे डिस्टिंक्शनला चारच कमी. पण शाळा नाही ही. संपलं.

९ एप्रिल, बुधवार

आज अक्काला सांगितलं. नऊ दिवस टाळत होतो. ती फोन उचलते तोच सहा आकडे सांगायच्या तयारीत असते, आज म्हटलं, अक्का, आज ओटीपी नको. मी येऊ शकत नाही. भाऊजींच्या वेळेला आलो नाही आणि आताही नाही. तू मला सोडलंस तरी चालेल.

रडलो. लिहून ठेवतो, कारण ही नोंद आहे.

अक्का म्हणाली, वेडा आहेस का, नीट जेव, आणि भात खा आता. तिच्या आवाजात हसू असल्यासारखं वाटलं. लाइन खराब असेल.

भात खाल्ला. दोनदा घेतला. मिशी काढणार होतो, पण हात धजेना. महिन्याभराची मेहनत आहे.

२४ एप्रिल, गुरुवार. संध्याकाळी

जसं घडलं तसं लिहितो.

ही म्हणाली, माझी एक मैत्रीण येणार आहे, विमानतळावर जाऊन घेऊन या, मला स्वयंपाक आहे. मैत्रिणीचं नाव विचारलं तर म्हणाली, ती तुम्हाला ओळखेल.

दारापाशी कठड्याला टेकून उभा राहिलो. कोट घातला होता, भांग उजवीकडे. माणसं ट्रॉल्या ढकलत बाहेर येत होती. त्यांत एक म्हातारी, डोक्याला स्कार्फ, पायात आमच्याच हिने पाठवलेले बूट. चेहरा ओळखीचा वाटला आणि माझं डोकं चालेना. ती सरळ चालत आली, माझ्यासमोर थबकली, हातातली ट्रॉली सुटून पुढच्या माणसाच्या टाचेवर गेली. आणि ती मला म्हणाली, अहो.

अक्का. मला. अहो!

मग तोंडावर हात ठेवून बॅगेवरच बसली. डोळ्यांतून घळाघळा पाणी. मी खाली वाकून म्हटलं, अक्का, मी आहे, धाकट्या. ती म्हणाली, माहीत आहे रे आता, पण तू असा का झालायस, हे साठीला आले होते तेव्हा हुबेहूब असे दिसायचे, ही मिशी, हा भांग. मग हसायला लागली. रडता रडता इतकी हसली की टाचेला लागलेला माणूसच तिला पाणी घेऊन आला.

तिने माझ्याकडूनच शिकून पोर्टलवर स्वतःची ओळख पटवली, पासपोर्ट आणि व्हिसा काढला, तिकीट हिने काढलं. अक्काचं साम्य: ९४. तू येऊ शकत नाहीस हे पहिल्या दिवशी बावीस टक्के आले तेव्हाच कळलं, असं म्हणाली.

घरी आल्यावर म्हणाली, बघू तो तुझा फोटो. हिने लॅपटॉपच्या मोठ्या स्क्रीनवर उघडला, मोठा केला, आणखी मोठा केला.

भाऊजी.

शिक्क्याखालून, मोठ्या कानांसकट, स्वच्छ भाऊजी. हॉलमधल्या त्या गर्दीत आमचे फोटो एकमेकांच्या फॉर्मवर गेले. अक्का म्हणाली, ह्यांच्या कार्डावर तुझा फोटो होता रे, अकरा वर्षं वापरलं त्यांनी, कुणी बघितलंसुद्धा नाही. बदलून घ्या म्हटलं तर म्हणायचे, राहू दे, मेहुणाच आहे, परका थोडाच आहे. मी म्हटलं, हे आधी नाही का सांगायचं? ती म्हणाली, तू म्हणालास डाएट चालू आहे, मी म्हटलं बरं.

ही आत गेली आणि आतून बराच वेळ खुसखुस ऐकू येत होती.

म्हणजे महिनाभर उपाशी राहून मी भाऊजी झालो. तेही एकाहत्तर टक्केच.

२६ एप्रिल, शनिवार

अक्काचा वाढदिवस. आमच्या बैठकीच्या खोलीत, तिघंच. केक मी कापला असता, पण मान तिचा होता.

हिने तो फोटो दुकानातून मोठा करून आणला, शिक्का पुसून, चौकटीत. भाऊजी थेट कॅमेऱ्यात बघतायत. किंचित हसतायत, कारण मी दंड धरून ठेवला होता, माझा हात फोटोच्या कडेला दिसतो. म्हणजे चार बोटं तरी माझी आहेत. अक्का चौकट मांडीवर घेऊन बसली होती. म्हणाली, तू त्या दिवशी त्यांना बसवलं नसतंस तर माझ्याकडे काय राहिलं असतं. पाच वर्षं माझ्या छातीवर एक दगड होता. आज जरा हलला.

मिशी काढू का विचारलं. म्हणाली, मी जाईपर्यंत राहू दे.

२८ एप्रिल, सोमवार. सकाळी ७.३०

नवा फोटो टाकला. समोर बसून साक्ष अक्काने दिली. लागलेला वेळ: चार मिनिटं. हेल्पलाइनच्या बाईचा अंदाज बरोबर होता, तेवढं मान्य.

साम्य: ९९ टक्के. शेवटी मी मी आहे!

नियम खाली बारीक अक्षरात आहे: हा फोटो दहा वर्षं ग्राह्य, चेहऱ्यात ठळक बदल करू नये. म्हणजे मिशी, डाय, उजवा भांग, सगळं दहा वर्षं. ही म्हणाली, डायची मोठी डबी आणते.

अक्काने लॅपटॉपवरचा माझा नवा फोटो पाहिला. मग मांडीवरची चौकट पाहिली. मग पुन्हा माझा. मला वाटलं आता डोळे भरून येणार.

म्हणाली, मिशी ह्यांना शोभायची.