आ-कोंग काचेच्या कपाटात जाणार नाही

मी, ऊई ब्वी किम, दिवंगत खू बून टेक यांची पत्नी, वय एकाहत्तर, राहणार तायपिंग, पेराक, पूर्वीचा व्यवसाय दातांच्या कवळ्या बनवणे, सध्याचा उद्योग रिमोटवर धावणाऱ्या जुन्या गाड्या जिवंत ठेवणे, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. कोणी मला भरीस घातलेले नाही. उलट सगळे नको नको म्हणत असताना मी लिहायला बसले आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. ज्याला शंका असेल त्याने रविवारी बॅडमिंटन हॉलमागच्या ट्रॅकवर माझ्यापुढे गाडी काढून दाखवावी.

कारण असे की पुढच्या बुधवारी पेनांगच्या इस्पितळात माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. मुलीचा पर्थहून फोन आला.

"मा, साधं ऑपरेशन आहे. मृत्युपत्र कशाला लिहितेस? अपशकुन नुसता!"

"साधं आहे म्हणूनच लिहायला वेळ मिळालाय. अवघड असतं तर एव्हाना टेबलावर असते."

"तू ना, कुणाचं ऐकायचीच नाहीस."

"ऐकते की. डॉक्टरचं ऐकलं म्हणूनच जातेय."

कलम १. यापूर्वी केलेले मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात सगळे नवऱ्याच्या नावे होते आणि तोच माझ्या आधी गेला. मला विचारले असते तर मी परवानगी दिली नसती.

कलम २. माझे राहते घर, त्यामागची कामाची खोली आणि अंगणातले रांबुटानचे झाड मुलगी खू पेई शान हिला. तिला घर विकायचे असेल तर खुशाल विकावे, मी वर बसून डोळे वटारणार नाही. मात्र झाडाच्या ज्या फांद्या भिंतीपलीकडे गेल्या आहेत त्यांची फळे शेजारीण लेच्चुमी हिची. ती आजवर तिने घेतलीच आहेत, आता कायद्याने घ्यावीत.

कलम ३. बँकेत जे असेल ते मुलीचे. त्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. लग्नातले जेडचे कंकणही तिचेच, ते तिच्या मनगटातून जात नाही हे मला ठाऊक आहे. साबण लावावा.

कलम ४. कवळ्यांच्या धंद्यातली हत्यारे, म्हणजे मेण कोरायच्या सुऱ्या, घासायची छोटी मोटर, मोजमापाचा व्हर्नियर, ही सर्व ट्रॅकच्या क्लबच्या सामाईक पेटीत जावीत. दातांची हत्यारे गाड्यांच्या पेटीत कशी, असे कोणी विचारले तर त्याला पुढचे वाचून दाखवावे.

पेई शान झाली त्या वर्षी बून टेकने रिमोटवर चालणारी एक जपानी खेळण्यातली गाडी आणली. लाल-पांढरी, मोठ्या मागच्या चाकांची, उड्या मारणारी. "पोरीसाठी आणलीय," म्हणाला. पोरगी तेव्हा पाळण्यात होती आणि पुढेही तिने त्या गाडीला कधी हात लावला नाही. बून टेक मात्र प्रत्येक रविवारी चालवायचा. पुढे कंपनीने ते मॉडेल बंद केले आणि एका रविवारी मागच्या चाकाचा दांडा तुटला. जगात कुठे मिळेना. बून टेकने गाडी कपड्यांच्या कपाटात ठेवली आणि घरात सुतक असल्यासारखा वावरू लागला. मी आठवडाभर सोसले. मग तो तुटका दांडा उचलला आणि हिरडी मोजावी तसा मोजला. संगणकावर चित्र काढायला दातांच्या क्लिनिकमध्ये कामाला असताना शिकले होतेच, नव्या कवळ्या तशाच होतात. दांडा थ्रीडी प्रिंटरवर छापला. पहिल्याच उडीत त्याचे दोन तुकडे झाले, कारण मी तो उभा छापला होता आणि तो थरांच्या रेषेवर फाटला. दुसरा आडवा छापला, मुळाशी थोडा जाड केला. तो आजही गाडीत आहे. बून टेक त्या दिवशी ट्रॅकवर इतका ओरडला की हॉलमधले बॅडमिंटन थांबले.

आमचे लग्न चांगले झाले होते, पण त्या दांड्यापासून ते जास्त चांगले झाले, हे मी येथे लिहून ठेवते.

कलम ५. दोन्ही प्रिंटर क्लबला. मी काढलेल्या सर्व भागांची चित्रे आजही कोणीही फुकट उतरवून घेऊ शकतो, पुढेही घ्यावीत. अट इतकीच की भिंत पातळ करून छापायचे आणि तुटल्यावर माझ्या नावाने बोटे मोडायची, असे करू नये.

माझे दीर खू बून सेंग यांनी गेली कित्येक वर्षे प्रत्येक नववर्षाच्या जेवणात "बाईमाणसाला हा खेळण्यांचा नाद शोभतो का?" हे वाक्य माशाच्या तुकड्याबरोबर मला वाढले. त्यांना मी माझी बिघडलेल्या छपाईची बरणी देते. तिच्यात वाकडे, अर्धवट आणि शेवयांसारखे गुंतलेले प्लास्टिक काठोकाठ भरले आहे. ती त्यांनी दिवाणखान्यात ठेवावी. मला काही दिले नाही असे म्हणायला जागा नको.

कलम ६. कामाच्या खोलीतल्या सर्व गाड्यांपैकी मुलीने आधी एक निवडावी. गुलाबी आहे ती तिच्यासाठीच रंगवली होती. नऊ वर्षांची असताना "मा, मैत्रिणी हसतील" म्हणून तिने नाकारली, आता तिच्या मैत्रिणी लांब आहेत. बाकीच्या क्लबकडे जाव्यात आणि त्या धावाव्यात. एकही गाडी काचेत जाऊ नये.

कलम ७. वर ज्या लाल-पांढऱ्या गाडीची गोष्ट सांगितली तिला ट्रॅकवर सगळे आ-कोंग म्हणतात, म्हणजे आजोबा. बून टेक गेल्यापासून ती मी चालवते. या एका गाडीचे काय होणार, याच काळजीने मला हे सर्व लिहायला बसवले आहे. बाकी कलमे तोंडी सांगूनही भागले असते.

आ-कोंग मी चेगू झाहरुद्दीन बिन मत नोर यांना देते.

चेगू म्हणजे मास्तर. शाळा सोडून जमाना झाला तरी गावात त्यांना दुसऱ्या नावाने कोणी हाक मारत नाही. जुन्या गाड्यांची त्यांच्याइतकी माया मी दुसऱ्या कोणात पाहिली नाही, पण त्यांची माया काचेआडची. मूळ खोका, मूळ कागद, मूळ स्क्रू. कंपनीचा भाग मिळाला तर बसवायचा, नाही तर गाडी कपाटात. बून टेक आजारी होता तेव्हा आ-कोंगच्या दारावरचा फाटलेला नंबराचा स्टिकर चेगूंनी कुठून तरी मूळचा शोधून आणला आणि बिछान्याशी बसून स्वतः चिकटवला. एक बुडबुडा राहू दिला नाही. हे मी विसरलेले नाही.

पण भांडण रोजचे.

"मॅडम, दांडे तुमचे, गिअर तुमचे, बंपर तुमचा. ह्यात मूळ गाडी उरलीय कुठं?"

"चेगू, तुमच्या तोंडात मूळचे दात किती उरलेत?"

त्यांची वरची कवळी मीच केलेली आहे. ती लावून ते मटणाची रेंदांग खातात आणि मूळ भागांचे गोडवे गातात.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या स्वतःच्या, त्याच मॉडेलच्या गाडीचा दांडा तुटला. मला न सांगता त्यांनी माझेच चित्र उतरवून घेतले आणि कुठल्याशा दुकानात दोन्ही बाजूंचे दांडे सर्वांत स्वस्त प्लास्टिकमध्ये छापून आणले. ते प्लास्टिक मक्यापासून करतात, उन्हाने मऊ पडते. चेगू गाडी डिकीत ठेवून भर दुपारी एका लग्नाच्या जेवणाला गेले आणि तिथून थेट ट्रॅकवर आले. सर्वांसमोर डिकी उघडली. आ-कोंगची ती धाकटी बहीण मागचे दोन्ही पाय फाकून म्हशीसारखी बसली होती.

"तुमचं चित्र चुकलंय, मॅडम," चेगू म्हणाले.

"चित्र बरोबर आहे. मका शिजलाय. मीठ आणू का?"

सगळा ट्रॅक हसला, मीही हसले. मला त्याचा पश्चात्ताप नाही, हसण्यासारखेच होते ते. चेगूंनी डिकी लावली आणि त्या दिवसापासून ते ट्रॅकवर आलेले नाहीत. बाजारात भेटले तर नुसती मान हलवतात. रविवार तेव्हापासून अळणी झाला आहे. गाडी जिंकते, पण मूळ भाग किती उरले असे विचारायला कोणी नसते. मला त्यांची फार आठवण येते, आणि हे तोंडावर बोलण्यापेक्षा मृत्युपत्रात लिहिणे सोपे.

त्यांना आ-कोंग देताना अट एकच: चालवावी. त्यांनी हेही ध्यानात घ्यावे की माझी झडप कंपनीकडे मूळची मिळत नाही, गाईच्या हृदयावरच्या पडद्याची बसवणार आहेत. तरी डॉक्टर असे म्हणाले नाहीत की, मग या बाईला कपाटात ठेवा.

कलम ८. हे कलम आज दुपारी शुद्ध प्रत करताना वाढवले आहे. वकिलांचे कारकून श्री. अरुळ यांनी "मृत्युपत्रात संवाद घालत नाहीत, आँटी" असे बजावले. त्यांची हरकत नोंदवली आहे.

साक्षीदार म्हणून मी लेच्चुमीला आणि चेगूंना बोलावले होते. चेगू येतील याची खात्री होती, सहीसाठी बोलावले तर मास्तर माणूस नाही म्हणत नाही. ते इस्त्रीचा सदरा घालून आले आणि खुर्चीच्या काठावर बसले. लेच्चुमीने पेन उचलले तेव्हा अरुळ म्हणाला, "आधी एक सांगतो. ह्या कागदात ज्याला काही मिळतंय, त्यानं साक्षीदार म्हणून सही केली तर त्याचं देणं रद्द होतं. कायदाच आहे तसा."

"म्हणजे माझे रांबुटान गेले?" लेच्चुमी.

"गेले."

तिने पेन असे खाली ठेवले की जणू चटका बसला. "मग मी नाही गं बाई. किम, तू शंभर वर्षं जग, पण सही दुसऱ्या कुणाची घे."

अरुळ स्वतः सही करायला तयार झाला. राहिले चेगू. त्यांना सवय अशी की न वाचता सही नाही. ते पहिल्या पानापासून वाचू लागले. बरणीपाशी हसू दाबले. सातव्या कलमाशी थांबले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचले.

"मॅडम, आ-कोंग मला?"

"अट वाचलीत ना?"

"वाचली." मग अरुळकडे वळून, "आणि मी सही केली तर?"

"तर गाडी मिळणार नाही, चेगू. थांबा, मी समोरच्या कॉफीच्या दुकानातून कुणाला तरी आणतो."

"काही नको. बस तू."

त्यांनी पेन हातात घेतले. मी म्हणाले, "अहो चेगू, कायदा कळला ना तुम्हाला? सही केलीत की गाडी हातची गेली!"

"चांगला कळलाय. तुम्ही गेल्यावर ती गाडी घेऊन मी भांडू कुणाशी? मला नकोय ती तशी. तुम्ही परत या आणि तुमची गाडी तुम्ही चालवा."

लेच्चुमी आम्हा दोघांच्या वाटचे रडली.

मग चेगू खिडकीकडे बघत म्हणाले, "तोवर बॅटऱ्या नुसत्या पडून राहिल्या तर खराब होतील. रविवारी आ-कोंगला मी नेतो ट्रॅकवर."

"तुम्ही? ट्रॅकवर?"

"गाडीसाठी. तुमच्यासाठी नाही."

"न्या की."

"आणि काही तुटलं तर?"

मला त्यांच्याच तोंडून ऐकायचे होते. चेगूंनी कवळी जिभेने सारखी केली, घसा खाकरला आणि विचारले, "तुमच्या चित्राची फाइल कुठंय?"

"छापणार कशात, ते सांगा आधी."

"नायलॉनमध्ये. आडवा ठेवून. झालं समाधान?"

झाले. सबब सातव्या कलमातले देणे साक्षीदार चेगूंच्या इच्छेने व माझ्या माहितीने निष्फळ ठरत आहे. आ-कोंगला आज वारस नाही, त्यामुळे मला परत येणे भाग आहे. अरुळ म्हणतो की हे वाक्य कायद्यात बसत नाही. राहू द्यावे.

वरील मजकूर मी वाचला, तो माझाच आहे, आणि दोन्ही साक्षीदार समोर बसलेले असताना मी खाली सही करते.

ऊई ब्वी किम (सही)

स्थळ: तायपिंग, स्वतःच्या घरी, कामाच्या खोलीत
दिनांक: गुरुवार, १३ जून २०२४

साक्षीदार:

१. अरुळ, वकिलांचे कारकून. संवादांबाबत हरकत कायम ठेवून. (सही)

२. झाहरुद्दीन बिन मत नोर, निवृत्त शिक्षक. साक्षीदार, वारस नव्हे. (सही)