घरात आता माल नको

मीरा रोड, २००४

तीर्थरूप आईस,

तुझ्या क्षितिजाचा वाकून नमस्कार. आम्ही बरे आहोत. तुझी कंबर कशी आहे?

मी घरी बसून खोट्या दागिन्यांना खडे चिकटवते, ते तुला ठाऊकच आहे. परवा जेवताना आपल्या मिनलच्या भातात त्यातलाच एक खडा निघाला. पोरीने थुंकला म्हणून बरं. तेवढ्यात हा माल देणारा शेठ न विचारता आत आला आणि तिच्या ताटाशेजारी नवा माल ओतून म्हणाला, "शाम तक चाहिए."

माझं डोकंच फिरलं. सगळा माल पिशवीत भरून दाराबाहेर ठेवला. म्हटलं, "मिनल स्कूल में रहेगी तब तक कारखाने में काम करूँगी. घर में अब कुछ नहीं आएगा."

"दूसरी बहुत मिलेंगी."

"तो ढूँढो."

तेव्हापासून हे घरखर्चाचा हिशेब मांडून बसलेत. पण काल शेजारच्या उर्मिलावहिनींनीही माल परत केला. आणि आज दुपारी शेठचा माणूस दारात येऊन विचारायला लागला, कारखान्यात कधीपासून येणार?

आम्ही जेवायला बसलो होतो. मी म्हटलं, "पहले खाना खा लूँ, फिर बताती हूँ."

बाबांना हे वाचून दाखव. काळजी करू नका.

तुझीच,
क्षितिजा