बोगद्याचं मुख

१४ नोव्हेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनीच्या गुडघ्यांना आता आराम असेल. इकडे आईचा खोकला थांबला, कुरकुर तेवढी चालू आहे.

पेपरात फोटो पाहिलास का? आपला बंद पडलेला रेल्वेचा बोगदा संरक्षित वास्तू झाला. ऑफिसात टाळ्या झाल्या, साहेबांनी भाषण ठोकलं. मी कोपऱ्यात वेड्यासारखी दात काढत उभी होते.

कसं लिहू? संरक्षण मिळालंय ते फक्त मुखाला. प्रस्ताव माझाच. कोरीव कमान, वरची सिंहाची डोकी, समितीला असलं नटवं आवडतं, म्हणून 'मुख' 'मुख' करत मी पानं भरली. म्हटलं, तोंड वाचलं की पोट आपोआप वाचेल. अरे, तोंड ठेवून पोट बुजवताहेत! वरच्या घरांना तडे गेलेत, म्हणून सोमवारपासून आत काँक्रीट भरणार. मी साहेबांशी कडाकडा भांडले. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुम्ही जे मागितलंत तेच मिळालंय."

बाबा गेल्यापासून तू बोगद्याचं नाव काढू देत नाहीस. तरी आज ऐक. गाडी आली की रुळांवरचे कामगार अंग चोरून उभे राहायचे ते भिंतीतले कोनाडे आठवतात ना? बाबांनी जोडीदाराला आत ढकललं आणि स्वतःला जागा उरली नाही. त्याच कोनाड्यातल्या विटेवर जोडीदाराने छिन्नीने बाबांचं नाव कोरलंय. आई दरवर्षी त्यावरून हात फिरवून येते. बाबांचं दुसरं आहे काय आपल्याकडे? धड एक फोटो नाही.

ती वीट तरी काढू द्या म्हणून हातापाया पडले. छत कोसळेल म्हणून आता आत कुणालाच सोडत नाहीत.

आईला कोणत्या तोंडाने सांगू? तिने पेपर घरोघर नाचवला. काल मला, या चाळिशीच्या घोडीला, कुशीत घेऊन म्हणाली, "पोरी, आता मी गेले तरी काळजी नाही. त्यांना तिथून कुणी हलवणार नाही."

मी म्हटलं, हो आई. खोटं तरी कुठे बोलले? काँक्रीटमधून कोण कुणाला हलवणार?

दादा, मला सहन होत नाही रे. जमलं तर सोमवारच्या आत ये. पुढच्या महिन्यात बाबांचा दिवस आहे. आईने आत्तापासून विचारून ठेवलंय, नेशील ना मला? त्यालाही मी हो म्हणाले आहे.

तुझी,
आईसमोर हो म्हणत बसलेली
धाकटी