चारशे बारा खाकी कव्हरं

कोपरखैरणे,
२ डिसेंबर

प्रिय कृष्णात,

हा कागद बघून नाक मुरडू नकोस. घरात पांढरे कागद आहेत, पण हा खाकी कागद मी मुद्दाम घेतलाय. का, ते पुढे कळेल. फोन तू उचलत नाहीस. मेसेजवर निळ्या खुणा दिसतात, उत्तर येत नाही. म्हटलं, आता सरळ पोस्टाने गाठावं. तू पाकीट फोडलं नाहीस तर सगुणावहिनी फोडतील आणि तुला मोठ्याने वाचून दाखवतील. त्यांचं एकसुरी वाचन तुला सहन होत नाही हे मला ठाऊक आहे, तेव्हा मुकाट्याने स्वतःच वाच.

गेल्या रविवारी वहिनींचा फोन आला होता. त्यांच्यावर चिडू नकोस. म्हणाल्या, भावोजी, हे दूध आणायलासुद्धा खाली उतरत नाहीत, दाढी वाढलीय, दिवसभर पंख्याकडे बघत पडून असतात, आणि आता पेपरही बंद करायला लावलाय. बाकीचं मी ऐकून घेतलं. पेपरचं ऐकलं आणि खुर्चीवरून उठलोच. कृष्णातच्या घरी पेपर बंद? आपल्या कंपनीच्या गेटला कुलूप लागलं त्या दिवशीही मी इतका हादरलो नव्हतो.

तर आधी माझी बातमी ऐक. तुर्भ्याला तेवीस वर्षं स्टोअर सांभाळणारा तुझा हा मित्र सध्या शिकाऊ ग्रंथपाल आहे. ग्रंथालय प्रमाणपत्राचा सहा महिन्यांचा वर्ग, त्यातले शेवटचे दोन महिने एखाद्या शाळेत प्रत्यक्ष काम करायचं. मला तळवलीजवळची एक मराठी शाळा मिळाली. तिथल्या ग्रंथपाल वैजयंतीमॅडम एकतीस वर्षांच्या, म्हणजे माझ्या लेकीपेक्षा, श्रुतीपेक्षा, जेमतेम चार वर्षांनी मोठ्या. त्या मला काका म्हणतात, मी त्यांना मॅडम म्हणतो, आणि आमचं छान चाललंय. ग्रंथालयाची झाडलोट करायला पुतळामावशी आहेत. त्या मूळच्या तळवली गावच्या. कोणाचीही भीडभाड न ठेवता बोलतात, अगदी मुख्याध्यापकांचीसुद्धा.

पहिल्या आठवड्यात मी जोरदार छाप पाडली. खोटी नम्रता कशाला? जवळपास तीन हजार पुस्तकं, ती नोंदवहीप्रमाणे जागेवर आहेत का हे बघायला एरवी अर्धी मे महिन्याची सुट्टी जाते म्हणे. मी चार दिवसांत उरकलं. स्टोअरमध्ये साडेआठ हजार सुटे भाग होते, त्यापुढे पुस्तकं म्हणजे काय! हरवलेली म्हणून शेरा मारलेली चौदा पुस्तकं कपाटामागून काढून दिली. विषयाप्रमाणे आकडे देऊन पुस्तकं लावायची पद्धत तर मला घरचीच वाटली. आपण बोल्ट आणि बुश तसेच लावत होतो. मॅडम म्हणाल्या, काका, तुम्हाला मी काय शिकवणार? आणि मी, कृष्णात, तुला माहीतच आहे मी कसा आहे, मी ते खरं धरलं.

मग मी तो पराक्रम केला. ठाणे-बेलापूर रस्त्याची धूळ खिडकीतून येते आणि गोष्टींच्या पुस्तकांची कव्हरं काळवंडतात. आपल्याकडे बेअरिंग कसं यायचं, आठवतं? खाकी कागदात गुंडाळलेलं. बसवायची वेळ येईपर्यंत कोणी कागदाला हात लावला तर मी ओरडायचो. तोच न्याय इथे लावला. मॅडमना विचारलं, त्या म्हणाल्या, करून बघा. मी खाकी कागदाचे गठ्ठे आणवले आणि दिवाळीच्या सुट्टीत रोज शाळेत जाऊन गोष्टींच्या चारशे बारा पुस्तकांना कव्हरं घातली. कोपरे दुमडून, डिंक न लावता, एकसारखी. पाठीवर माझ्या त्या टपोऱ्या अक्षरात आकडे टाकले. सगळं कपाट एका रंगाचं दिसायला लागलं. मी त्याचे फोटोसुद्धा काढले. पुतळामावशींनी दारातूनच बघितलं आणि म्हणाल्या, "काका, ही पुस्तका हायत का वान्याच्या पुड्या?" मी म्हटलं, मावशी, तुम्हाला यातलं कळत नाही.

सुट्टी संपली. पाचवीचा तास होता. पोरं धावत आली, कपाटापुढे थांबली आणि एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. एकाने एक पुस्तक ओढलं, आकडा वाचला, परत खुपसलं. जाई म्हणून दोन वेण्यांची एक मुलगी आहे, ती माझ्यापाशी आली आणि तिने शांतपणे विचारलं, "सर, इथे गोष्टीची पुस्तकं होती ना, ती कुठे गेली? हे तर सगळं अभ्यासाचंच आलंय." मी हसून कपाटाकडे बोट दाखवलं. तिला पटलं नाही. ती बाकावर जाऊन वहीत फुलं काढत बसली.

आठवड्याअखेर मी नोंदवही घेऊन मॅडमपुढे गेलो. सुट्टीआधीच्या आठवड्यात त्रेसष्ट पुस्तकं मुलांनी नेली होती. या आठवड्यात पाच. तुला सांगतो, पहिल्या क्षणी मला बरंच वाटलं. माल जागेवर, एकही पान फाटलं नाही, स्टोअरकीपरला आणखी काय हवं? मॅडमनी आकडा बघितला आणि आवाज न चढवता विचारलं, "काका, तुमच्या स्टोअरमध्ये माल वर्षानुवर्षं हललाच नाही तर त्याला काय म्हणायचं?" मी म्हटलं, डेड स्टॉक. आणि म्हणताक्षणी माझे कान गरम झाले. चारशे बारा चांगलीचुंगली, हसतीखेळती पुस्तकं मी माझ्या हाताने डेड स्टॉक करून टाकली होती. तुम्ही आधी का अडवलं नाहीत, असं मी त्यांना विचारलं. म्हणाल्या, अडवलं असतं तर तुम्ही तेवीस वर्षांचा अनुभव काढला असतात. बरोबर आहे, काढलाच असता.

सोमवारी मी पाचवीच्या पोरांना सांगितलं, काढा कव्हरं. बापरे, काय तो धिंगाणा! खाकी कागदाच्या आतून वाघ, भुतं, आगगाड्या, पंख असलेली म्हैस, असं एकेक बाहेर पडत होतं आणि पोरं ओरडत होती, हे माझं, हे माझं. जाईला तोंड वासलेल्या देवमाशाचं चित्र दिसलं आणि ती तिथेच फरशीवर फतकल मारून वाचायला लागली. तास संपल्याची घंटा तिला ऐकूच आली नाही. त्या आठवड्यात एक्क्याण्णव पुस्तकं गेली. दोनांची पानं फाटली, एकावर चटणीचा डाग पडला आणि मला त्याचं काही म्हणजे काही वाटलं नाही. उरलेला खाकी कागद पोरांना चित्रं काढायला दिला. थोडा माझ्याकडे राहिला, त्यावर हे लिहितोय.

प्रमाणपत्राची काळजी मला नाही, ते मिळणार. जूनपासून अर्धवेळ काम देण्याचंही शाळेच्या मनात आहे. पण एक गोष्ट मला अजिबात जमत नाही, आणि ती शिकूनही जमणार नाही. शनिवारी सकाळी एक तास मोठ्याने गोष्ट वाचून दाखवायची असते. मॅडमनी ती माझ्यावर सोपवली. मी वाचली. कसं वाचलं असेन? गेटपास वाचल्यासारखं. वाघ, नग एक, जंगलातून बाहेर. पाचव्या मिनिटाला मागच्या बाकावर जांभया सुरू झाल्या आणि जाईने काळजीने विचारलं, "सर, हा वाघ आजारी आहे का?"

तिथे उभ्या उभ्या मला कॅन्टीन दिसलं. दुपारच्या सुट्टीत तू टेबलावर बसून पेपर वाचायचास आणि साठ माणसं डबा उघडा ठेवून ऐकायची. पुढाऱ्याचा आवाज वेगळा, पोलिसाचा वेगळा, क्रिकेटच्या बातमीला तर तू उभाच राहायचास. मानसिंग फिटरच्या राशिभविष्यात रोज पदरचं एक वाक्य घालायचास आणि तो बिचारा वर्षभर वरिष्ठांच्या शाबासकीची वाट बघत राहिला. हरवलेल्या म्हाताऱ्याची जाहिरात तू वाचलीस तेव्हा शेजारी बसलेला मी डोळे पुसत होतो, भाजी तिखट आहे असं सांगून. पेपरात छापलेलं सगळ्यांच्या घरी येतच होतं रे. ते ऐकायला लोक तुझ्यापाशी यायचे.

आता जे सात महिने बोललो नाही ते बोलतो. तुर्भे नाक्यावर चहा पिताना मी या वर्गाचे दोन फॉर्म खिशातून काढले होते, एक तुझा, एक माझा. तू म्हणालास, "आता या वयात पोरांच्या पुस्तकांना खाकी कव्हरं घालत बसू?" तुझी जीभ काळी आहे, कृष्णात, मी अक्षरशः तेच केलं. पण त्यावर मी जे बोललो ते तू विसरला नाहीस आणि मीही नाही. मी म्हटलं होतं, मग बस घरी, पंख्याकडे बघत. वहिनींनी फोनवर नेमके तेच शब्द उच्चारले. तुझी नोकरी गेली म्हणून तू दुखावला होतास आणि मी माझी भीती तुझ्यावर काढली. चूक माझी होती. मला माफ कर.

तुझा फॉर्म अजून माझ्या कपाटात आहे, पण त्याच्यासाठी हे पत्र नाही. तो भरायचा की नाही ते तू ठरव. माझं काम वेगळं आहे. वाघ आजारी आहे आणि तो बरा करणारा माणूस कळंबोलीत तिसऱ्या मजल्यावर झोपून राहिलाय. मॅडमना मी तुझ्याबद्दल सगळं सांगितलंय. पोरांनाही सांगितलंय, जरा वाढवूनच. वाशीला उतरून बस बदल, शाळेच्या थांब्यावर मी उभा असेन. दाढी केली नाहीस तरी चालेल, गोष्टीत साधू आहे. ग्रंथालयाच्या दारातल्या फळ्यावर मी मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय, 'शनिवार, १३ डिसेंबर, साडेनऊ वाजता, गोष्ट: कृष्णातकाका.' जाता-येता पोरं ते वाचतात आणि मला विचारतात, नक्की येणार ना? मी नक्की म्हणून सांगतो. ते नाव पुसायचं असेल तर तुलाच इथे यावं लागेल, मी काही पुसणार नाही.

तुझाच,
अरविंद, स्टोअरवाला